तीस मराठी कादंबऱ्या वाचण्याचा संकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

1857 ते 1987 या काळातल्या तीस मराठी कादंबऱ्या, आपल्या सवडीने पण एकही न गाळता वाचायच्या, असा हा संकल्प आहे. स्पर्धा नाही, मुदत नाही, प्रमाणपत्र नाही. यादी हातात दिली की जवळजवळ प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

यादीत कोणत्या कादंबऱ्या आहेत?

एकोणिसाव्या शतकातल्या दोन: बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. त्यानंतर स्वातंत्र्याआधीच्या नऊ: वामन मल्हार जोशींच्या 'रागिणी' आणि 'इंदू काळे व सरला भोळे', केतकरांची 'ब्राह्मणकन्या', फडक्यांची 'दौलत', खांडेकरांची 'उल्का', विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर', साने गुरुजींची 'श्यामची आई', विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आणि मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस'.

1950 ते 1960 या दशकातल्या सात: विभावरी शिरूरकरांचीच 'बळी', श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू', व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', गो. नी. दांडेकरांची 'पडघवली', अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा', खांडेकरांची 'ययाति', उद्धव शेळक्यांची 'धग'. साठच्या दशकातल्या आठ: रणजित देसाईंची 'स्वामी', पेंडशांची 'रथचक्र', खानोलकरांची 'रात्र काळी, घागर काळी', नेमाड्यांची 'कोसला', जयवंत दळवींची 'चक्र', हमीद दलवाईंची 'इंधन', भाऊ पाध्यांची 'वासूनाका', शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. आणि शेवटच्या चार: आनंद यादवांची 'गोतावळा', किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस', अरुण साधूंची 'सिंहासन' आणि पुन्हा पेंडसेच, 'तुंबाडचे खोत'.

याच तीस का? अमुक लेखक राहिलाच की!

राहिलाच. भाऊ पाध्यांची 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' नाही, ना. सं. इनामदार नाहीत, गौरी देशपांडे नाहीत, याची मलाही रुखरुख आहे. पण यादी कुठेतरी थांबवावी लागते. निवडताना मी एक गोष्ट कटाक्षाने पाहिली: तिसांत मिळून महाराष्ट्र जितका दिसेल तितका दिसावा. पुण्याच्या वाड्यातल्या स्वयंपाकघरापासून माणदेशातल्या मेंढरांच्या वाड्यापर्यंत, वऱ्हाडातल्या कष्टकऱ्यांच्या घरापासून मुंबईतल्या झोपडपट्टीपर्यंत आणि मंत्रालयापर्यंत. नुसत्या गाजलेल्या कादंबऱ्या घेतल्या असत्या तर ऐतिहासिक आणि पौराणिक पुस्तकांनीच अर्धी यादी भरली असती. त्यातल्या मी तीनच ठेवल्या.

पेंडसे तीनदा आले याबद्दल हमखास विचारणा होते. कोकणातलं एकेक गाव इतक्या चिकाटीने दुसऱ्या कुणी उभं केलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना हे पक्षपाताचं वाटतं त्यांनी 'रथचक्र' काढून त्या जागी आपल्या आवडीची एखादी घालावी. माझी हरकत नाही, फक्त 'रथचक्र' एकदा वाचून मग काढा.

सुरुवात पहिल्या कादंबरीपासूनच करायची का?

शक्यतो नको. 'यमुनापर्यटन'ला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात आणि तिचं महत्त्व मोठं आहे. पण आजच्या वाचकाला तिची भाषा आणि बोधाचा सूर दोन्ही जड जातात. तिथून सुरुवात केलेले बरेच जण तिथेच अडकतात.

सुरुवात 'बनगरवाडी'पासून करा. पुस्तक लहान आहे आणि वाक्यं त्याहून लहान. एक पोरसवदा मास्तर पहाटेच्या अंधारात चालत धनगरांच्या वाडीवर पोचतो, तर शाळा आहे पण शाळेत पोर नाही. तिथून पुढे वाडी त्याला हळूहळू आपला म्हणते, आणि मग दुष्काळ येतो. माडगूळकर कुठेही आवाज चढवत नाहीत. वाडी ओस पडत जाते ते ज्या संथपणे लिहिलंय, ते वाचून झाल्यावर आपण साधं मराठी किती कमी वापरतो हे जाणवतं.

दुसरी 'रणांगण' घ्या. 1939 साली आलेलं हे पुस्तक आजही ताजं आहे. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, आणि त्यांतल्या हॅर्टा नावाच्या तरुणीची चक्रधर या मराठी माणसाशी पडलेली गाठ. महायुद्ध तोंडावर आलेलं आहे. एवढा मोठा विषय बेडेकरांनी इतक्या थोड्या पानांत मावेल असा लिहिला, की रविवारची एक दुपार पुरते. ही दोन पुस्तकं झाली की वाचनाला वेग येतो आणि मग मागे 1857 कडे जायची उमेद असते.

पुढचा क्रम कसा लावावा?

सालाप्रमाणे वाचता येईल, पण मला जोड्या लावून वाचणं अधिक फळतं असं दिसलंय. एका कादंबरीचा प्रश्न दुसरी पुढे नेते किंवा खोडून काढते, आणि ते शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

पहिली साखळी बायकांची. 'यमुनापर्यटन' 1857 सालची, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर एका वर्षातली. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, वाटेत जागोजाग विधवांचे हाल पाहते, आणि मग ती वेळ तिच्यावरच येते. तिच्यानंतर लगेच 'पण लक्षात कोण घेतो' घ्या. इथे यमू स्वतः बोलते. लहानपणच्या खेळण्यांपासून, माजघरातल्या बारीकसारीक बोलाचालींपासून ती सुरू होते, आणि तिच्यावर जबरदस्तीने केशवपन लादलं जातं तिथवर आपल्याला नेते. हरिभाऊंनी मुलीच्या तोंडून एवढं मोठं पुस्तक बोलतं ठेवलं, ते 1890 च्या आसपास, ही गोष्ट मला दरवेळी थक्क करते. त्यानंतर 'हिंदोळ्यावर'. ती 1934 सालची, आणि आता लिहिणारी स्वतः स्त्री आहे, टोपणनाव घेऊन लिहिणारी. नवऱ्याने टाकलेली अचला मन मारून न राहता आपलं आयुष्य स्वतः ठरवू पाहते. या तिघींच्या मध्ये जो काळ गेला, तो इतिहासाच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे जास्त कळतो. चौथी म्हणून 'धग' जोडा. कौतिक ही वऱ्हाडातली बाई. तिला केशवपनाचा प्रश्न नाही, तिला रोजच्या भाकरीचा आहे. पहिल्या तीन वाचून आपण "मराठी स्त्री" म्हणून जे चित्र मनात धरलेलं असतं ते किती थोड्या घरांचं होतं, हे कौतिक एकटी दाखवून देते.

दुसरी साखळी कोकणाची. 'गारंबीचा बापू', 'पडघवली' आणि 'इंधन'. तीन पुस्तकं, तीनही कोकणातल्या गावांची, आणि सगळी बारा-तेरा वर्षांच्या आत लिहिलेली. पेंडशांचा बापू गावाला न जुमानता गावातच मोठा होतो. दांडेकरांची 'पडघवली' ही मोडत चाललेल्या खेड्याची अंबूवहिनीने सांगितलेली कहाणी आहे, तिच्यात सणवार, झाडंझुडपं, जुन्या म्हणी यांची लयलूट आहे. आणि 'इंधन'मध्ये गावाकडे परतलेला मुसलमान निवेदक त्याच कोकणातले हिंदू-मुसलमान संबंध, जातींचे ताण आणि उसळणारी दंगल आपल्या डोळ्यांनी पाहतो. 'पडघवली' वाचून गावाबद्दल जो उमाळा दाटून येतो त्याच्या पाठोपाठ 'इंधन' वाचायलाच हवी. दोन्ही खरी आहेत.

तिसरी जोडी जरा अवघड: 'श्यामची आई' आणि 'कोसला'. एकीकडे आईने घडवलेला मुलगा, दुसरीकडे खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला, बापाशी, कॉलेजशी, सगळ्याशीच न पटणारा पांडुरंग. दोन्ही पुस्तकं एकाच मराठी घरातल्या मुलाची आहेत, मध्ये तीस वर्षं गेलीत. धाकट्या बहिणीच्या, मणीच्या मृत्यूची पानं आली की 'कोसला' हे नुसतं खोडकर पुस्तक आहे असं म्हणणाऱ्यांचं तोंड बंद होतं.

'स्वामी'बरोबर 'फकिरा' वाचा. थोरले माधवराव पेशवे आणि वारणाकाठचा मांग समाजातला फकिरा, दोन्ही पराक्रमाच्या कथा. अण्णा भाऊंनी हे पुस्तक बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलंय. वीर कुणाला म्हणायचं, हा प्रश्न या जोडीतून आपोआप उभा राहतो. मुंबईच्या तीन, म्हणजे 'चक्र', 'वासूनाका' आणि 'सिंहासन', सलग घ्या.

बाकीच्या हव्या तशा वाचा. फक्त 'मृत्युंजय' आणि 'तुंबाडचे खोत' एकापाठोपाठ एक लावू नका, दमछाक होते.

किती दिवस लागतील?

सरासरी 250 पानं धरली तर तीस पुस्तकांची साडेसात हजार पानं होतात. रोज वीस पानं वाचली तर एक वर्षाहून थोडं जास्त. रोज वीस पानं म्हणजे पाऊण तास, रेल्वेने कामाला जाणाऱ्याला एक फेरी. नोकरी, मुलं, आजारपणं, दिवाळी हे सगळं धरून दोन वर्षं हा सुखाचा हिशेब आहे.

यापेक्षा घाई मात्र करू नका, ही माझी कळकळीची विनंती. महिन्यात पाच कादंबऱ्या "उडवल्या" असं कुणी सांगितलं की मला वाईट वाटतं. 'पण लक्षात कोण घेतो' ही 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती. वाचणाऱ्याला दोन हप्त्यांच्या मध्ये आठवडा मिळायचा, यमूचं पुढे काय झालं असेल याची काळजी करायला. ती तशीच वाचून पाहा, आठवड्याला दोन-तीन प्रकरणं, जोडीला दुसरं काहीतरी चालू ठेवून. रटाळ म्हणून सोडलेली हीच कादंबरी या पद्धतीने वाचून लोकांनी हातची सोडली नाही, असं मी पाहिलंय.

बोलीभाषा कळत नाही, काय करू?

मोठ्याने वाचा. दुसरा उपाय नाही आणि लागतही नाही.

'धग'मधली वऱ्हाडी, 'गोतावळा'तली कोल्हापूरकडची, 'फकिरा'तली वारणेकाठची बोली डोळ्याने वाचताना शब्द अडतात, कारण आपल्या डोळ्याला पाठ्यपुस्तकाच्या शुद्धलेखनाची सवय आहे. कानाला ती सवय नसते. 'काहून' हा शब्द कागदावर अनोळखी दिसतो. कुणाला तरी विचारल्यासारखा तोंडाने म्हणा, अर्थ लगेच कळतो. पहिली दहा पानं अशी वाचली की बोली कानात बसते, पुढे मनात वाचलं तरी चालतं.

'गोतावळा' तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोलीतच आहे. नारबा हा शेतावर राबणारा गडी, त्याला स्वतःचं म्हणावं असं कुणी नाही, बैल, म्हशी, कुत्रं, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर जायला लागतं. हे प्रमाणभाषेत लिहिलं असतं तर शेतीच्या यांत्रिकीकरणावरचा निबंध झाला असता. नारबाच्या तोंडची भाषा आहे म्हणून गोठा रिकामा होताना आपल्या पोटात तुटतं. घरात कुणी कोल्हापूर-कागलकडचं असेल तर त्यांना एक प्रकरण वाचून दाखवायला सांगा.

'श्यामची आई' कादंबरी आहे का? आणि ती लहान मुलांची ना?

साने गुरुजींनी ती रात्रींमध्ये विभागली आहे, श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. तिला आठवणी म्हणा, कादंबरी म्हणा, मी ठेवली आहे. नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली गेली. लहानपणी वाचलेली असली तरी मोठेपणी पुन्हा वाचा. कर्जात बुडालेल्या, वाटण्या झालेल्या घराची ती गोष्ट आहे आणि तो भाग मुलांना कळण्यासारखा नसतो.

पुस्तकं मिळवायची कुठून? सगळी विकत घेणं परवडणार नाही.

सगळी विकत घेऊच नका. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हा. थोडी अनामत, थोडी वर्गणी, आणि यादीतली निम्मी-अधिक पुस्तकं कपाटात सापडतात. महाराष्ट्रातली कित्येक ग्रंथालयं या यादीतल्या पहिल्या कादंबरीइतकी किंवा तिच्याहून जुनी आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून चालू आहे. गोव्यातल्या वाचकांना पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, बडोद्यात सयाजीरावांनी उभारलेलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. यातल्या बऱ्याच संस्था वाचकांच्या वर्गणीवर आणि थोड्याशा अनुदानावर तग धरून असतात. तुमच्या एका सभासदत्वाने त्यांना फरक पडतो, म्हणून ऑनलाइन मिळत असेल तरी निदान वर्षभराची वर्गणी भराच.

ग्रंथपालांशी ओळख करून घ्या. यादी छापून त्यांच्या टेबलावर ठेवली की ते स्वतःहून मागच्या खोलीतली, बांधणी केलेली जुनी प्रत काढून देतात. पानं पिवळी आणि ठिसूळ असतात, ती दुमडू नका, खूण म्हणून कागदाची पट्टी ठेवा.

जुन्या कादंबऱ्या फुकटही मिळतात, आणि कायदेशीरपणे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. बाबा पदमनजी, हरिभाऊ (निधन 1919), केतकर (1937), वा. म. जोशी (1943), साने गुरुजी (1950), मर्ढेकर (1956) यांची पुस्तकं आता सर्वांसाठी खुली आहेत. मराठी विकिस्रोत आणि जुन्या ग्रंथांचे स्कॅन ठेवणारी संकेतस्थळं तिथून सुरुवात करा. पण हयात किंवा अलीकडच्या लेखकांच्या पीडीएफ फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात, त्या घेऊ नका आणि पुढे पाठवू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात छोटी असते, तिच्यावर प्रकाशकाचं आणि लेखकाच्या घरच्यांचं बरंच काही अवलंबून असतं.

तीसांतली पाच तरी विकत घ्या. कोणती ते वाचून झाल्यावर आपोआप ठरतं.

परदेशात राहतो. मराठी पुस्तकं इथे मिळत नाहीत.

बऱ्याच ठिकाणच्या महाराष्ट्र मंडळांकडे छोटी ग्रंथालयं असतात, आधी तिथे चौकशी करा. ई-पुस्तकं आणि मराठी ऑडिओबुक आता बरीच निघतात. गावाहून येणाऱ्या पाहुण्याला लाडू-चिवड्याबरोबर 'बनगरवाडी' आणि 'रणांगण' आणायला सांगा, दोन्ही मिळून वजन काहीच नाही.

ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का?

धरायचं. बोलीतल्या कादंबऱ्या तर चांगल्या वाचकाच्या आवाजात ऐकलेल्या उत्तमच. अपवाद दोन. 'इंदू काळे व सरला भोळे' पत्रांमधून उलगडते, कोणाचं पत्र कोणाला ते मागे जाऊन पाहावं लागतं. आणि 'रात्रीचा दिवस'मध्ये मनात उठेल तसा विचारांचा प्रवाह आहे, तिथे थांबून, एक परिच्छेद पुन्हा वाचून पुढे जावं लागतं. ही दोन डोळ्यांनी वाचा.

चित्रपट पाहिला तर कादंबरी वाचायची गरज आहे का?

आहे. 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी 1953 साली, 'सिंहासन'वर जब्बार पटेलांनी 1979 साली, 'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांनी 1995 साली चित्रपट केले, 'चक्र'वर 1981 मध्ये हिंदी चित्रपट आला. सगळे पाहण्यासारखे. 'सिंहासन' चित्रपटात तर साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या एकत्र केल्या आहेत, त्यामुळे चित्रपट पाहून पुस्तक झालं असं म्हणताच येत नाही. कादंबरी आधी, चित्रपट नंतर, हा क्रम ठेवा.

'तुंबाड' चित्रपट 'तुंबाडचे खोत'वरच आहे ना?

नाही. नावाचं नातं आहे, कथेचं नाही. पेंडशांच्या कादंबरीत चित्रपटातला तो हस्तर राक्षस नाही. जगबुडी नदीच्या काठावरच्या खोत घराण्याच्या पिढ्यांची ती कहाणी आहे, दोन जाडजूड खंडांची. माणसं इतकी आहेत की पहिल्याच प्रकरणापासून वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढत जा. कुणाचा कोण हे एकदा पक्कं झालं की दुसरा खंड खाली ठेवता येत नाही.

जुन्या कादंबऱ्यांतली जातीबद्दलची, बायकांबद्दलची काही वाक्यं वाचवत नाहीत. तरी वाचायच्या?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि मी तो टाळणार नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतल्या बहुतेक मराठी कादंबऱ्या शहरातल्या, उच्चवर्णीय, शिकलेल्या घरांबद्दल आणि त्याच घरांसाठी लिहिलेल्या आहेत. बाकीचा समाज त्यांत मोलकरीण, गडी, भिकारी म्हणून येतो. हे दिसलं की खटकायलाच हवं. न खटकता वाचणं हा काही मोठेपणा नव्हे.

पण याच यादीत त्याचं उत्तरही आहे. केतकरांनी 'ब्राह्मणकन्या'त कालिंदीच्या जन्मावरून जातिव्यवस्थेचे सांधेच उघडे करून दाखवले. 'बळी' वाचा. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना काटेरी तारेच्या आत वसाहतीत ठेवलं जायचं. मालतीबाई बेडेकरांनी (विभावरी शिरूरकर त्याच) त्या वसाहतींचं काम नोकरीत असताना जवळून पाहिलं होतं. हजेरी, परवाने, तारेपलीकडचं जग, तिथल्या माणसांचं प्रेम आणि वैर, हे सगळं त्या पुस्तकात आहे आणि कुठेही दयेचा सूर नाही. एका शिकलेल्या लेखिकेने हे लिहिलं, 1950 साली. मग 'फकिरा'त लिहिणारा स्वतः त्या जगातला आहे. म्हणून म्हणते, अर्धी यादी वाचून मराठी कादंबरीबद्दल मत बनवू नका.

(जाता जाता: 'रणांगण'चे विश्राम बेडेकर आणि 'बळी'च्या मालतीबाई हे पतिपत्नी. एका घरात राहून दोघांनी इतकी वेगळी पुस्तकं लिहिली.)

'वासूनाका' अश्लील आहे म्हणतात, खरं का?

आली तेव्हा तिच्यावर फार मोठं वादळ उठलं, अत्र्यांसारख्यांनी कडाडून हल्ला केला. चाळीतल्या बेकार पोरांची भाषा, त्यांची भूक, त्यांचं मुलींकडे बघणं भाऊ पाध्यांनी कुठलाही मुलामा न देता लिहिलं. मोठ्या माणसांनी वाचायचं पुस्तक आहे, शाळकरी मुलांना देऊ नका. त्यामागची कणव दिसायला धीर लागतो, पण ती आहे.

एखादी कादंबरी अजिबात वाचवत नसेल तर?

तीन प्रकरणं वाचा, त्यांतलं एक मोठ्याने. तरीही जमलं नाही तर बाजूला ठेवा आणि चार-सहा पुस्तकांनंतर परत उघडा. 'दौलत' काहींना पहिल्यांदा फार गुळचट वाटते. पण तंत्रशुद्ध, सफाईदार गोष्ट सांगायची कला म्हणजे काय आणि मर्ढेकर, नेमाडे नेमके कशाविरुद्ध उठले, हे फडके वाचल्याशिवाय कळत नाही. गाळू नका, लांबणीवर टाका.

ज्ञानपीठ आणि साहित्य अकादमीची पुस्तकंच का वाचू नयेत?

वाचा, तीही यादीत आहेतच. 'ययाति'ला 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. 'रथचक्र' आणि 'स्वामी' यांनाही अकादमीचे पुरस्कार आहेत. पण नुसत्या पुरस्कारांच्या वाटेने गेलात तर 'बनगरवाडी', 'रणांगण', 'धग' आणि 'कोसला' या चारही हुकतील.

नोंदी ठेवायच्या का?

ठेवा, पण गुण देऊ नका. दहापैकी सात असं लिहिलं की विचार तिथेच थांबतो. एक साधी दोनशेपानी वही घ्या, प्रत्येक कादंबरीला दोन पानं. एका पानावर आवडलेला एक परिच्छेद हाताने उतरवून काढा. माडगूळकरांचा परिच्छेद उतरवताना विशेषणं किती कमी आहेत ते बोटांना कळतं. खानोलकरांचा उतरवताना वाक्याला कवितेची लय कुठून येते ते कळतं. दुसऱ्या पानावर कादंबरीचं गाव, साल आणि आपल्याला पडलेला एक प्रश्न. भिंतीवर महाराष्ट्राचा तालुकावार नकाशा लावून त्यावर खुणा करणंही फार आनंदाचं होतं, विशेषतः घरात मुलं असतील तर.

समीक्षा आणि प्रस्तावना वाचून झाल्यावर वाचा, आधी नको.

नवरा (किंवा बायको, किंवा सून) अमराठी आहे. बरोबरीने वाचता येईल?

हो. 'बनगरवाडी'चा राम देशमुखांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' या नावाने आहे, 'कोसला' सुधाकर मराठे यांनी 'ककून' म्हणून इंग्रजीत नेली. 'ययाति' आणि 'मृत्युंजय' हिंदीत घरोघर वाचल्या गेल्या आहेत. एकाने मराठी, दुसऱ्याने अनुवाद घेऊन एकाच आठवड्यात वाचा आणि जेवताना बोला.

तीस झाल्या. आता पुढे?

1990 च्या अलीकडे या. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांवर आहे, रंगनाथ पठाऱ्यांची 'ताम्रपट' सत्तेवर आणि शिक्षणसंस्थांवर, सदानंद देशमुखांची 'बारोमास' विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या कोंडीवर, कविता महाजनांची 'ब्र' ग्रामपंचायतीतल्या बायकांवर. नेमाड्यांची 'हिंदू' 2010 सालची. श्याम मनोहर आणि राजन गवस यांचं जे मिळेल ते घ्या. 'झाडाझडती'पासून सुरुवात करा, 'बनगरवाडी' अजून मनात ताजी असेल तर आणखी चांगलं. आणि 'रथचक्र' काढून तुम्ही दुसरी घातली असेल, तर ती कोणती ते मला नक्की कळवा, मला ती वाचायची आहे.